अडखळत शिकवणारे आणि आपले कान

मागल्या ऑगस्टातली गोष्ट. रात्रपाळी मारून सकाळी साडेसातला घरी आलो तर धाकटी बहीण उंबऱ्यावर बसलेली. मांडीवर वही. अर्धी पानं कोरी, उरलेल्या पानांवर तुटकी वाक्यं, मधे मधे नुसती टिंबं. मी पायातली चप्पल काढायच्या आत बोल्ली, "दादा, मी नर्सिंग सोडते. त्या बाईंचं काय म्हंजे काय कळंना झालंय मला."

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिली. मी दहावीनंतर सूतगिरणीत रिंगफ्रेमवर लागलो. जे काय वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर, निम्मं झोपेत. त्यामुळं ती 'सोडते' म्हणाली तेव्हा पोटात खड्डा पडला. वही हातात घेतली. रक्ताचा पाठ होता. माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, तिथं हिनं लिहिलेलं चाळीस. चौदाचं चाळीस. बाई 'फोर्टीन' म्हणाल्या, हिनं 'फोर्टी' ऐकलं. चाळीस हिमोग्लोबिनचा माणूस अजून जन्मला नाही. पण ही पोरगी उद्या वॉर्डात उभी राहणार, आणि औषधाचा आकडा असाच ऐकला तर जन्मलेला माणूस जाईल की.

बाई केरळच्या. वेळेवर येणाऱ्या, मन लावून शिकवणाऱ्या, पोरींवर न ओरडणाऱ्या. हे सगळं बहिणीनंच सांगितलं. फक्त त्यांच्या तोंडून 'सिंपल'चं 'सिंबल' होतं, 'टेंपरेचर'चं 'टेंबरेचर', 'झिरो'चं 'सीरो'. आणि बोलणं असं भरभर, की एक शब्द धरेपर्यंत पुढचे चार निघून जातात. मराठी शाळेतून आलेल्या पोरी मागच्या बाकावर खिदळतात, 'मद्राशी बाई' म्हणतात. माझी बहीणही तोच शब्द बोल्ली. त्यावर मी तिला झापलं. म्हटलं, केरळ कुठं, मद्रास कुठं, आणि ज्या तोंडातून 'मद्राशी' येतं त्याच तोंडातून उद्या तुझ्या जातीचं नाव येईल. ती रडायला लागली. तेव्हा माझी मला लाज वाटली. पोरगी मदत मागत होती आणि मी भाषण ठोकत होतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ही सवय आहे.

झोप गेलीच होती. बसल्या बसल्या मला माझी सातवी आठवली.

आमचं मूळ गाव बीड जिल्ह्यात. आजोबा तिथनं मुंबईला गेले, त्रासन खात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो आमच्यापुरता कधी संपलाच नाही. आजोबा बाडबिस्तरा घेऊन इचलकरंजीला आले, मागावर बसले. गाव सुटलं पण जीभ सुटली नाही. आमच्या घरात अजून पानी पितात. सातवीत एका गुरुजींनी मला उभं करून 'पाणी, पाणी' असं वीस वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसत होता. मी विसाव्यांदाही 'पानी'च म्हणालो असणार, कारण गुरुजींनी मान हलवली आणि "बस खाली" म्हणाले. त्यानंतर त्या वर्षात मी वर्गात तोंड उघडलं नाही. प्रश्न असला तरी विचारला नाही.

आता विचार करतो तर वाटतं, गुरुजींच्या बोलण्यालाही उच्चार होताच की! त्यांचं 'किंबहुना', 'तद्वत', 'यद्यपि' आम्हाला कुठं कळत होतं? पण त्यांच्या बोलण्याला कुणी उच्चार म्हणत नव्हतं, त्याला भाषा म्हणत होते. उच्चार फक्त आमच्याच बोलण्याला चिकटलेला होता.

हे आभाळातून पडलेलं नाही, त्यालाही तारखा आहेत. मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ला आली. काम थोर आहे, त्याच्याशिवाय आज आपण जुना शब्द शोधू शकत नाही. पण साहेबाच्या हाताशी शब्द सांगायला बसले होते ब्राह्मण शास्त्री. शाळेची पुस्तकं, व्याकरणं, परीक्षा, सगळं त्याच बैठकीत ठरत गेलं. पुण्याच्या एका थराची बोली ती मराठी झाली. बाकीच्यांची ती ग्रामीण, अशुद्ध, गावंढळ. मग १८७३ साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं, त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला, आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या 'निबंधमाले'तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या मुद्द्यांबरोबर त्यांच्या व्याकरणाचीही टिंगल केली. पुस्तकात लिहिलेल्या शतकांच्या जुलमाचं उत्तर देणं अवघड. त्यापेक्षा लिहिणाऱ्याचं व्याकरण काढणं सोपं. माझ्या गुरुजींनी निबंधमाला वाचली होती का नव्हती, देव जाणे. पण 'पाणी' म्हणायला लावायची रीत तिथूनच खाली झिरपत आली आहे.

आता याच्या उलट बाजूनं बघू. आपल्याला ज्यांनी पहिल्यांदा अक्षर दिलं, ते कसे बोलत असतील?

जोतीराव १८४१ ते १८४७ पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. स्कॉटलंडचा माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा त्याचा 'र' जिभेवर गडगडतो, स्वर वेगळेच लागतात. खुद्द लंडनच्या माणसाला ते जड जातं म्हणतात. माळ्याच्या पोरानं, ज्याच्या घरात इंग्रजीचा वाराही नव्हता, ते इंग्रजी त्या कानांनी ऐकलं, आणि पुढं थॉमस पेनची पुस्तकं स्वतःच्या डोक्यानं वाचली. सावित्रीबाईंचं पाहा. त्यांनी शिक्षिकेचं शिक्षण अहमदनगरला (आता अहिल्यानगर) फरारबाईंकडं आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं, असं चरित्रकार लिहितात. ह्या सिंथिया फरार अमेरिकेच्या. १८२७ साली मुंबईत उतरल्या, इथंच पोरींच्या शाळा चालवत राहिल्या, १८६२ ला नगरात वारल्या. मोठेपणी शिकलेली मराठी ती. ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल ह्यातली भानगड कुठल्याही अमेरिकन जिभेला आयुष्यभर पुरते. अशा मराठीतून शिकून सावित्रीबाई मास्तरीण झाल्या, आणि १८४८ पासून पुण्यात शाळा उभ्या राहिल्या. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच साली त्यांच्या शाळेतली मांगाची पोरगी मुक्ता हिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. 'ज्ञानोदय' म्हंजे अमेरिकन मिशनचं पत्र, १८४२ साली नगरला निघालेलं. आपल्या लिहिण्याची सुरुवात आपण जिथून मोजतो, तिथं बाजूला अशी परक्या उच्चाराची माणसं उभी आहेत.

मिशनवाल्यांची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. त्यांचा हेतू त्यांच्याजवळ होता, आणि तो काही लपलेला नव्हता. पण एवढं खरं, की त्यांनी दार उघडलं होतं.

दार बंद असलं की उच्चार कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलानं सरकारी शाळेत घ्या म्हणून सरकारकडं अर्ज केला. जुलैत मुंबई सरकारनं उत्तर दिलं: न्याय तुझ्या बाजूनं आहे, पण एकट्यासाठी शतकांचा समज मोडायला गेलो तर शिक्षणाच्या कामालाच धक्का बसेल. अशा अर्थाचं उत्तर, फार सभ्य भाषेत. त्या पोराला उत्तर कळायला अडचण आली नसणार. पुढं १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यात एक मागणी अशी, की प्राथमिक शाळेचे मास्तर शक्यतो शेती करणाऱ्या वर्गातून तयार करावे, कारण ते पोरांत मिसळतील, त्यांची गरज ओळखतील. ब्राह्मण मास्तर धर्माच्या समजुतीमुळं अंतर राखून राहतो. मास्तर पोरापासून किती हात लांब उभा राहतो, ते जोतीराव मोजत होते.

आणि बाबासाहेब. त्यांच्या कानांचा इतिहास कुणी सलग लिहिलेला नाही, पण तुकडे सगळीकडं आहेत. वडील रामजी सुभेदारांनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. परळच्या चाळीतली एक खोली, बाप रात्री दोनपर्यंत जागा राहून पोराला उठवायचा आणि मग स्वतः आडवा व्हायचा. शाळेत संस्कृत मागितलं तर मिळालं नाही, म्हणून फारशी घ्यावी लागली. जी भाषा शिकवायला नाकारली ती पुढं स्वतःच्या हिमतीवर शिकले. एल्फिन्स्टन कॉलेजात म्युलर नावाच्या प्राध्यापकांनी त्यांना पुस्तकं आणि कपडे दिले. त्याच कॉलेजातला हॉटेलवाला मात्र त्यांना चहापाणी देत नव्हता. तो हॉटेलवाला मराठी स्वच्छच बोलत असणार.

१९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्यांच्या वर्गात त्यांनी ९ मे १९१६ ला भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, ते गोल्डनवायझर जन्मानं किएव्हचे. इंग्रजी त्यांचीही आईची भाषा नव्हती. म्हंजे खोलीत एक किएव्हहून आलेला मास्तर, एक महूत जन्मलेला विद्यार्थी, आणि मधे दोघांनाही उसनी असलेली भाषा. तिच्यातून जातीच्या उगमावर असा निबंध उभा राहिला, की आज शंभराहून जास्त वर्षं झाली तरी आपण त्याचं बोट सोडत नाही. दुसरे गुरू जॉन ड्यूई. विचार मोठा, पण वर्गातलं बोलणं संथ, एकसुरी, मधेच थांबणारं, खिडकीबाहेर बघत केलेलं. बरेच विद्यार्थी कंटाळायचे. जे लिहून घ्यायचे त्यांना घरी गेल्यावर कळायचं आपल्या हाताला काय लागलंय. माईसाहेब आंबेडकरांनी सांगितलेलं आहे, की त्या वर्गांनंतर तीस वर्षांनीसुद्धा बाबासाहेब ड्यूईंच्या वर्गातल्या लकबींची खुशीत नक्कल करायचे.

मी हे बहिणीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मग आम्ही बाईंची नक्कल करतो त्यात वाईट काय?" मी म्हटलं, नक्कल कर. पण मागच्या बाकावर नको. घरी कर, रोज कर, जोरात कर.

तिथून खरं काम सुरू झालं. युक्ती माझी नाही, गिरणीची आहे. मागाच्या शेडमध्ये कधी उभं राहिलात? शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. माझ्या बापाची तीस वर्षं त्या खडखडाटात गेली. मागवाले एकमेकांचे ओठ वाचतात, हातवाऱ्यांनी बोलतात. धोटा अडकला, कांडी संपली, शेठ आला, चहा सांगितला, सगळं ओठांवर. नवा पोरगा आला की महिनाभर बावळटासारखा बघत राहतो, मग एक दिवस त्याला कळायला लागतं. कारण कशाबद्दल बोलणं चाललंय ते त्याला आधीच माहीत झालेलं असतं. माग समोर आहे, बिघाड समोर आहे, बोलणं त्याच्याबद्दलच असणार.

(ह्या मागाची जुनी गोष्ट इथंच सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते, का, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना विटाळ. पगार तिथं जास्त, म्हणून दार तिथं बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. सूत ओढायला नालायक ठरलेल्या तोंडाला पुढं 'पाणी' म्हणायला लावलं, ते ह्याच माळेतलं.)

तर बहिणीला म्हटलं, उद्याचा पाठ आज वाचून जा. कळो न कळो, त्यातले कठीण शब्द मराठी लिपीत लिही, अर्थ पुढं लिही. म्हंजे बाई काय बोलणार ते तुला आधी माहीत. पहिल्या बाकावर बस, तोंडाकडं बघ. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाड: बाई कसं म्हणतात, पुस्तकात कसं आहे. पंधरा दिवसांत त्या पानावरून तिलाच एक नियम सापडला: 'म'च्या मागून 'प' आला की बाईंच्या तोंडात त्याचा 'ब' होतो, आणि 'झ'चा 'स' होतो. इतकंच! सगळं इंग्रजी बदललेलं नव्हतं, दोन-चार खिळे सैल होते. बाईंना विचारून मोबाइलवर तास उतरून घेतला, आणि रात्री भांडी घासताना तीच टेप पुन्हा पुन्हा. आमच्या आईलासुद्धा आता 'हार्ट'चे चार कप्पे पाठ आहेत, बाईंच्या उच्चारात.

आकड्यांचं भय राहिलंच होतं. त्यावर उपाय एकच, उलट विचारायचं. 'मॅडम, वन-फोर का फोर-झिरो?' पहिल्या वेळी तिचे पाय लटपटले. माझ्यासारखंच तिलाही वाटत होतं की वर्ग हसेल. हसलाच. पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नर्सनं डोसाचा आकडा ऐकला की परत म्हणून दाखवायचाच असतो, हिनं बरोबर केलं. त्या दिवसापासून आकडे आणि नवे शब्द फळ्यावर लिहायला लागल्या. म्हंजे त्यांना ठाऊकच नव्हतं की मागं कुणाला कळत नाहीये. कुणी बोललंच नव्हतं.

आणि दोस्तहो, इथं थोडं आपल्याकडंही बघा. आपले अभ्यासवर्ग चालतात, विहारात, समाजमंदिरात. मीही घेतो. मागल्या महिन्यात मी 'उत्पादनसंबंधांची संरचना' असं कायतरी अर्धा तास बोललो. खाली चाळीसभर पोरं, त्यात माग चालवणारी, कचरा उचलणारी, एक-दोन कॉलेजातली. कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, काय शांतपणे ऐकतायत! परवा त्यातला एक पोरगा म्हणाला, "दादा, तुमी लई भारी बोलता, पण आमाला कायबी कळत न्हाई." विद्यापीठातून आणलेला उच्चार माझ्या जिभेवर बसलाय, आणि मला तो ऐकू येत नाही. सातवीतल्या गुरुजींनाही त्यांचा ऐकू येत नव्हता.

मराठवाड्यातल्या आपल्या थोरल्यांनी ह्याहून अवघड चढण चढलीय. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठच उर्दूतून चालायचं. १९४८ ला राज्य गेलं, आणि १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं, ज्याला पुढं मिलिंद म्हणू लागले. घरात बोली, शाळेत उर्दू किंवा मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि मास्तर ठिकठिकाणाहून आलेले. त्याच बाकांवरून पुढं आपलं अर्धं साहित्य उठलं. तिथले त्या काळचे म्हातारे भेटले तर त्यांना एवढंच विचारा, की पहिल्या वर्षी तुम्हाला वर्गात किती कळायचं. आणि त्यांचं उत्तर लिहून ठेवा, कारण ते आता थोडेच उरलेत.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. बहीण शरीररचनेत पास, एका विषयात राहिली. तो विषय शिकवणारे सर इथलेच, आपल्याच जिल्ह्याचे. त्यांचा उच्चार कळतो, शिकवणं कळत नाही. त्यावर माझ्याजवळ अजून युक्ती नाही.

केरळच्या बाईंची गोष्ट मात्र पुढं सरकली. वॉर्डातली ड्यूटी सुरू झाल्यावर अडचण उलटी झाली. खेड्यातली म्हातारी बाईंना सांगते, "पोटात कळ मारतीया", "डोस्कं ठणकतंय", "पायाला मुंग्या आल्यात", "छातीत चमक निघती", आणि बाईंना त्यातलं काही कळत नाही. आता त्या माझ्या बहिणीला शेजारी उभं करतात. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, आग वेगळी, हे ती त्यांना इंग्रजीतून समजावते, आणि बाई एका छोट्या वहीत मल्याळम अक्षरात उतरवून घेतात. त्या वहीतही दोन रकाने आहेत म्हणे. परवा त्यांनी विचारलं, 'कालवतंय' म्हंजे नक्की काय होतं, दुखतं का? बहिणीला सांगता येईना. घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "दुखत न्हाई गं. आत नुसतं ढवळल्यागत होतं." ते इंग्रजीत कसं सांगायचं, ह्यावर आम्ही तिघं रात्री अकरापर्यंत बसलो होतो. मग माझ्या पाळीची वेळ झाली.